बोलावे कोणी?

कोलकाता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सेवेचे चित्र उभे राहते. १९५२ साली मदर तेरेसा यांनी कालीघाट येथे ‘निर्मल हृदय’ सुरू केले ते याच शहरात. पण या शहराकडून शिकण्याजोगा आणखी एक धडा आहे, आणि तो दयेहून कठीण आहे.

१९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याच्या कार्यकर्त्या जिजा घोष अपंगांविषयीच्या एका परिषदेसाठी गोव्यास निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरविण्यात आले. कारण दिले गेले ते प्रकृतीचे व सुरक्षिततेचे. मात्र त्यांना स्वतःला काय वाटते, हे कोणी विचारले नाही. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

त्याच वर्षी अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा संमत झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले. अपंग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणे हा गुन्हा ठरला. पुढे जुलै २०२० मध्ये असे काही गुन्हे तडजोडपात्र करावेत, असा प्रस्ताव केंद्र शासनाने मांडला. उद्योगव्यवसायास अडथळा होऊ नये, हा हेतू. सूचना १ जुलैची आणि अभिप्रायाची मुदत १० जुलैपर्यंत, तीही महामारीच्या दिवसांत! ज्याला ब्रेलमधून वाचावे लागते, ज्याला खुणांची भाषा जाणणारा सोबती लागतो, त्याने एवढ्या अवधीत काय लिहावे? तरीही देशभरातून विरोध झाला आणि प्रस्ताव मागे पडला.

येथे कोणी विचारील, “कायदा करणे हे जाणकारांचे काम, ज्याला मदत द्यावयाची त्याचे मत कशाला?” याचे उत्तर यरीहोच्या वाटेवर आहे. आंधळा बार्तीमय हाका मारू लागला तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसविले. प्रभू मात्र थांबला, आणि गरज उघड दिसत असतानाही ‘तुला काय हवे’ हे त्याने त्यालाच विचारले. त्या प्रश्नाने बार्तीमयाला दृष्टीपूर्वीच मान मिळाला.

प्रत्येक अभिप्राय बरोबरच असतो असे नाही. अपंग बांधवही चुकू शकतात, त्यांच्यातही मतभेद असतात. ऐकणे म्हणजे निमूट मान्य करणे नव्हे. पण नियमाचा काच ज्याला बसतो, त्याला त्याविषयी असे काही ठाऊक असते की जे इतर कोणालाही ठाऊक नसते. ते न ऐकता केलेला न्याय अपुराच राहणार.

१८८२ साली पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी स्वतः साक्ष दिली. स्त्रियांचे दुःख एका स्त्रीने सांगितले, म्हणून त्या शब्दांना वजन आले.

तेव्हा पुन्हा असा मसुदा प्रसिद्ध होईल त्या वेळी आपण काय करावे? त्यांच्या वतीने बोलण्याची घाई करू नये. मसुदा वाचून दाखवावा, ते सांगतील तसे लिहून घ्यावे, मुदतीत पोहोचवावे. आणि आरंभ आपल्या मंदिराच्या पायऱ्यांपासूनच का करू नये? चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या भगिनीला त्यांच्याविषयी काय वाटते, हे आपण कधी विचारले आहे काय?