मरणाची तयारी केव्हां करावी?

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांमध्यें एक समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते. मनुष्य शेवटच्या घटका मोजूं लागला म्हणजे उपदेशकास घाईनें बोलावणें पाठवावें, त्यानें उशाशीं बसून प्रार्थना करावी, म्हणजे मरणाची तयारी झाली, असें कित्येकांस वाटतें. आजाऱ्याजवळ प्रार्थना करणें हें प्रीतीचें काम आहे. तें कोणीं सोडूं नये. परंतु शेतांत सर्पदंशानें जो विश्वासी मनुष्य अकस्मात् गेला, ज्याच्या कानीं प्रार्थनेचा एक शब्दही पडला नाहीं, तो काय तयारीवांचून गेला? त्याच्या विधवेस आपण काय सांगावें?

तिला निर्भयपणें हें सांगावें कीं, तारण प्रभु येशूच्या वधस्तंभावरील कार्यानें आहे, उपदेशकाच्या प्रार्थनेनें नव्हे. ज्यानें जिवंतपणीं आपला हात त्या तारणाऱ्याच्या हातीं दिला, त्याचा हात प्रभु शेवटीं सोडीत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, 'वधस्तंभावरील चोर शेवटच्या घटकेस तारला गेला. मग आम्हीही तेव्हांच पाहूं.' बंधूंनो, हा हिशेब चुकीचा आहे. शुभवर्तमानांत त्या चोराची प्रभूशीं एकच भेट सांगितली आहे, आणि ती त्यानें दवडली नाहीं. आपणांस तर दर रविवारीं हांक येते. ज्यानें आलेली वेळ साधली, त्याचेंच नांव पुढें करून आपण ती दवडावी काय?

शिवाय उद्यांचा दिवस कोणाच्या स्वाधीन आहे? केडगांवच्या पंडिता रमाबाईंनीं आपल्यामागें मुक्ति मिशनचा भार आपली कन्या मनोरमाबाई हिनें वाहावा अशी योजना केली होती. परंतु १९२१ सालच्या जुलैंत कन्याच आधीं गेली. तिचें वय अवघें ४० वर्षांचें होतें. मातेनें तें दुःख सोशिलें, आणि बायबलाच्या मराठी भाषांतराचें हातीं घेतलेलें काम सोडलें नाहीं. १९२२ सालीं, एप्रिलच्या ५ तारखेस, त्याही प्रभूकडे गेल्या. मरणाची वाट पाहत बसणें ही तयारी नव्हे. आज नेमून दिलेलें काम आज विश्वासूपणें करणें ही तयारी होय.

तारण फुकट आहे; परंतु ज्यास क्षमा मिळाली त्यानें क्षमा अडवून ठेवूं नये. हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हां यशया भविष्यवाद्यानें त्यास घराची व्यवस्था लावावयास सांगितलें. आपलीही घरें पाहूं या. बांधावरून भावाशीं अबोला असेल, उसने आणलेले दाणे परत करावयाचे असतील, बायकोमुलांच्या हक्काचा कागद करावयाचा राहिला असेल, तर तो भार मागें राहणाऱ्यांच्या डोक्यावर कां ठेवावा?

कोणी म्हणेल, 'इतकें करूनही मला मरणाची भीति वाटते.' भीति वाटणें हा अविश्वास नव्हे. गेथशेमाने बागेंत प्रभूचाही जीव व्याकूळ झाला होता. त्यानें ती व्यथा पित्यापुढें ठेविली. आपणही तसेंच करावें.

म्हणून ज्याचें भावाशीं वांकडें आहे, त्यानें हें पत्र खालीं ठेवून आजच त्याच्या दारीं जावें. देव आपणां सर्वांस तशी बुद्धि व धैर्य देवो.