बरणीत किती ठेवावे?

माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा स्टेशनवर उतरणाऱ्यांची रीघ लागते. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या प्रचंड गुहेकडे गोंड समाजाची यात्रा निघालेली असते; मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून कुटुंबेच्या कुटुंबे आलेली असतात. नेमक्या याच दिवसांत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात असतो आणि विदर्भातल्या फळबाजारांत तिच्या पारदर्शक डब्या रचलेल्या दिसतात. महाबळेश्वर ते गोंदिया हे अंतर सुमारे हजार किलोमीटरचे. साताऱ्याला गोंदियाशी जोडणारी रेल्वेगाडीसुद्धा आहे. कोल्हापूरची महाराष्ट्र एक्सप्रेस सातारा, पुणे, मनमाड, नागपूर करत तेराशेहून अधिक किलोमीटर धावते आणि राज्याची हद्द न ओलांडता गोंदियाला येऊन थांबते.

एवढ्या लांबून आलेले हे फळ मुळातच नाजूक. दोन दिवसांत ते मऊ पडते, तिसऱ्या दिवशी देठापाशी पांढरी बुरशी धरते. म्हणून स्वस्त मिळाली की घरात स्ट्रॉबेरीचा मुरंबा घातला जातो. काम साधे आहे, दीड-दोन तासांचे. पण त्यामागचा प्रश्न जुना आहे आणि जगातल्या बहुतेक धर्मांनी तो आपापल्या परीने हाताळला आहे. आज हातात आलेले उद्यासाठी राखून ठेवावे का? ठेवावे तर किती, आणि कोणासाठी?

आधी मुरंब्याचे काम पाहू, कारण प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. एक किलो स्ट्रॉबेरी धुऊन, निथळून, मगच देठ काढायचे; आधी काढले तर आत पाणी शिरते. पाऊण किलो साखर पेरून फळे रात्रभर झाकून ठेवायची. सकाळपर्यंत साखर फळातले पाणी ओढून घेते आणि लाल पाकात फळे तरंगू लागतात. मग रुंद तोंडाच्या जाड पातेल्यात, मोठ्या आचेवर, दोन लिंबांचा रस घालून आटवायचे. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, त्यामुळे मुरंबा घट्ट होण्यासाठी लिंबाच्या आंबटपणाचा आधार लागतो. काहीजणी पिकलेल्या जांबाचा, म्हणजे पेरूचा, थोडा गर घालतात, कारण त्यात पेक्टिन भरपूर. वर येणारा फेस काढत राहायचा. उकळत्या पाण्यापेक्षा चार-पाच अंश जास्त तापमान गाठले की मुरंबा झाला. समुद्रकाठी ही खूण १०५ अंशांजवळ येते, महाबळेश्वरच्या उंचीवर शंभराच्या आसपासच. थर्मामीटर नसेल तर थंड स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाकायचा आणि बोटाने सरकवायचा. त्यावर सुरकुती पडली की गॅस बंद. दहा मिनिटे उकळून कोरड्या केलेल्या बरण्यांत गरम असतानाच भरायचे. या मापात पाव किलोच्या पाच बरण्या होतात.

या बरण्यांत साखरेचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास पोचलेले असते. एवढी साखर पाण्याला इतके घट्ट धरून ठेवते की बुरशीला आणि जिवाणूंना वाढण्यापुरते पाणी मिळत नाही. म्हणजे मुरंबा घालणारी बाई फळाभोवतीच्या जीवसृष्टीला त्या फळापासून दूर ठेवते. जे मातीला, मुंग्यांना, पाखरांना, किण्वाला जायचे, ते ती वर्षभर स्वतःच्या घरासाठी रोखते. यात दुष्टपणा काहीच नाही. माणसाची सगळी संस्कृती अशा रोखण्यावर उभी आहे. तरीही रोखण्याचा हक्क कुठवर, हे विचारावेच लागते.

याला सर्वांत कडक उत्तर गांधीजींनी दिले. १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून ते आश्रमवासीयांना दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्र लिहीत. ‘मंगल प्रभात’ या नावाने ती पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली. त्यात अपरिग्रहाविषयी त्यांचा विचार असा की, सृष्टी रोजच्या गरजेपुरतेच रोज निर्माण करते. जो उद्याचा साठा करतो त्याचा ईश्वरावरचा भरवसा तितका उणा. अस्वादव्रत तर याहून पुढचे. अन्न औषधासारखे घ्यावे, जिभेसाठी नव्हे. १९१५ च्या हरिद्वार कुंभात त्यांनी दिवसभरात पाचच पदार्थ खाण्याचे व्रत घेतले होते. हे दोन्ही निकष लावले तर स्ट्रॉबेरीचा मुरंबा दुहेरी दोषी ठरतो. तो साठा आहे आणि तो निव्वळ चवीसाठी आहे.

धर्मशास्त्रांनी गृहस्थांची जी प्रतवारी लावली, तिचाही रोख असाच दिसतो. कोठारभर धान्य ठेवणारा कुसूलधान्य, मडकेभर ठेवणारा कुंभीधान्य, तीन दिवसांपुरते ठेवणारा त्र्यहैहिक आणि उद्याचे काहीच न ठेवणारा अश्वस्तनिक. या क्रमात पुढचा मागच्यापेक्षा श्रेष्ठ. पण ही प्रतवारी बारकाईने वाचली तर कोठारवाल्यालाही तिने गृहस्थधर्मातून बाहेर काढलेले नाही. पायरी खालची असली तरी ती पायरीच आहे.

बौद्ध विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमसंग्रहातली, गोष्ट अधिक बोलकी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धर्मदीक्षेनंतर पूर्व विदर्भाच्या गावोगावी बुद्धविहार उभे राहिले, त्यामुळे ही गोष्ट इथल्या माणसांना परकी नाही. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूला लोक तूप, लोणी, तेल, मध, गूळ भरभरून देत. त्याच्याभोवतीच्या भिक्खूंनी ते मडक्यांत भरले, पिशव्यांत भरून खिडक्यांना टांगले. ते पाझरू लागले, निवासात उंदीर झाले, लोक नावे ठेवू लागले. तेव्हा बुद्धांनी नियम घालून दिला. आजारी भिक्खूने हे पाच पदार्थ जवळ ठेवावेत, पण फार तर सात दिवस. साठवण पूर्ण बंद केली असती तर आजाऱ्याचे हाल झाले असते. मोकळी सोडली असती तर विहाराचे कोठार झाले असते. नियमाने मधली वाट काढली आणि ती दिवसांत मोजून दिली.

जैन घरांत हीच दृष्टी स्वयंपाकघरापर्यंत आली आहे. मिठाईची कालमर्यादा श्वेतांबर परंपरेत ऋतूनुसार ठरते. पावसाळ्यात पंधरा दिवस, उन्हाळ्यात वीस, हिवाळ्यात तीस. बावीस अभक्ष्यांच्या यादीत ओल राहिलेले लोणचे आहे. मर्यादा उलटली की पदार्थात सूक्ष्म जीव उपजतात आणि तो खाणे म्हणजे हिंसा, ही त्यामागची भूमिका. अन्नशास्त्रही ओलावा आणि उष्णता याच दोन गोष्टी पाहते. गोंदियात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो. उघडलेली मुरंब्याची बरणी तेव्हा फ्रिजबाहेर ठेवली, तर हा नियम किती नेमका आहे ते लवकरच कळते.

ज्यूंच्या आणि ख्रिश्चनांच्या धर्मग्रंथातही वाळवंटात रोज आकाशातून पडणाऱ्या मान्ना या अन्नाची कथा आहे. ज्यांनी ते सकाळपर्यंत ठेवले, त्यांच्या भांड्यात किडे झाले. मात्र सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञाच होती, आणि त्या दिवशीचे ठेवलेले नासले नाही, कारण सातवा दिवस विसाव्याचा. भांडे तेच, अन्न तेच. ठेवण्याचे कारण बदलले तसा निवाडाही बदलला.

गोंदियाच्या जंगलात या प्रश्नाला आणखी एक उत्तर मिळते, आणि या लेखाच्या दृष्टीने ते सर्वांत वजनदार आहे.

स्ट्रॉबेरीचा हंगाम उतरू लागतो तेव्हा मोह फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या रानात पहाटेपासून बायका-मुले टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेली दिसतात. रात्री उमललेली रसाळ फुले पहाटे गळतात. ती वेचून अंगणात वाळवली की तपकिरी, मनुकांसारखी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते, त्यामुळे ती महिनोन्‌महिने टिकतात. मुरंब्यात बाहेरून घालावी लागते ती साखर मोहाने स्वतःच भरून आणलेली असते. उरलेले काम ऊन करते. पावसाळ्यात घरातले धान संपत आले की हीच फुले उकडून, भाजून, तिळाबरोबर कुटून खाल्ली जात, किंवा विकून मीठ-मिरची आणली जाई. भुकेच्या दिवसांसाठी केलेली ही साठवण आहे.

पण तिला आधीच एक मर्यादा घातलेली आहे. नव्या धानाचा दाणा देवाला आणि पूर्वजांना दाखवल्याशिवाय घरात शिजत नाही. शेजारच्या गडचिरोली आणि बस्तरच्या माडिया-गोंड गावांत आंब्याचा पंडुम, म्हणजे सण, झाल्याशिवाय आंबा उतरवत नाहीत. तोवर कैरीत कोय धरलेली असते. कचारगडला ज्याची आठवण जागवली जाते, त्या आद्य धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगोने साडेसातशे गोत्रे बांधून दिली आणि प्रत्येक गोत्राला एक झाड, एक प्राणी, एक पक्षी जपायला सांगितला, असे कोया पुनेम हा गोंडी धर्म मानणारे सांगतात. ज्याचे जे दैवत, त्याला त्याने हात लावायचा नाही. इथे संयमाची सुरुवात बरणीच्या खूप आधी होते. कधी तोडायचे आणि काय मुळीच तोडायचे नाही, हे ठरले की नंतर किती ठेवायचे हा प्रश्न आपोआप लहान होतो.

याच जिल्ह्यात साठवणीचे आणखी मोठे उदाहरण पाण्याने भरलेले आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. कोहळी समाजाने भंडारा-गोंदियात असे असंख्य तलाव बांधले आणि पावसाळ्याचे पाणी अडवून धानाची शेती उभी केली. चार महिन्यांचे पाणी वर्षभर पुरवणे ही साठवणच, आणि तीही अवाढव्य. त्याबद्दल कोलू पाटलाला कोणी परिग्रही म्हटले नाही. तलावाभोवतीच्या एका डोंगरमाथ्यावर कोलासुर देव म्हणून त्याचे ठाणे आहे. एका माणसाच्या साठवणीतून सगळ्या शिवाराला पाणी मिळाले, म्हणून त्याला देवपण आले. साठ्याची बाजू घ्यायची तर यापेक्षा भक्कम साक्ष शोधून सापडणार नाही.

मग गांधीजींच्या आक्षेपाचे काय करायचे? साठ्याविरुद्धचा त्यांचा युक्तिवाद तलावापुढे आणि मोहाच्या टोपलीपुढे मवाळ पडतो, कारण ती गरज आहे. स्ट्रॉबेरी गरज नाही. उद्या ती मिळाली नाही म्हणून गोंदियात कोणी उपाशी राहणार नाही. आक्षेपाचा हा दुसरा भाग, चवीबद्दलचा, टाळून पुढे जाता येत नाही.

त्याचे उत्तर नैवेद्याच्या रूढीत आहे, असे म्हणायला जागा आहे. देवापुढे औषधाच्या मात्रेसारखे बेचव अन्न कोणी ठेवत नाही. पंचामृतात मध आणि साखर असते; सणाच्या पानात गोड असते. चव धर्माला अमान्य असती तर नैवेद्य गोड नसता. धर्म चवीला एक वळसा घालायला लावतो. आधी ती दुसऱ्याकडे जाते, मग प्रसाद होऊन परत येते. गीतेचा तिसरा अध्याय ज्याला पाप खाणे म्हणतो, ते फक्त स्वतःसाठी शिजवणे आहे. शिजवण्यावर किंवा गोडीवर तो बोट ठेवत नाही. भुकेचा साठा गरजेच्या बळावर उभा राहू शकतो. चवीच्या साठ्याला तेवढे बळ नाही, म्हणून त्याला वाटणीचा आधार जास्त लागतो.

या दृष्टीने पाच बरण्यांचा हिशोब मांडता येतो. वर्षभर पुरेल म्हणून दहा किलोचा घाट घालण्यात विनयातल्या टांगलेल्या पिशव्यांचा धोका आहे. निम्मा मुरंबा पुढच्या माघापर्यंत काळपट पडतो, त्याचा वास जातो आणि शेवटी तो मोरीत जातो. एक-दोन किलोचा, उन्हाळा संपेतो संपणारा मुरंबा ऋतूशी प्रामाणिक राहतो. बरणीवर घातल्याची तारीख लिहिणे ही घरगुती कालमर्यादा. पाचांतल्या दोन बरण्या शेजारी, लेकीकडे, कामाला येणाऱ्या मावशींकडे गेल्या पाहिजेत, आणि त्या आपले पोट भरल्यावर उरलेल्या नव्हेत, भरतानाच बाजूला काढलेल्या असाव्यात. नवे धान आधी देवाला दाखवणाऱ्या घरांत हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे.

साठवणीकडे समाज सगळीकडे सारख्या नजरेने पाहत नाही, हेही इथे नोंदवायला हवे. स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याच्या पन्नास बरण्या घरात असल्या तरी कोणी चौकशी करत नाही. मोहफुलापासून दारू होते म्हणून मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली त्याच्या साठवणीवर आणि वाहतुकीवर बंधने होती. ज्यांचे ते अन्न होते, त्यांनाच आपल्या घरातल्या टोपलीचा जाब द्यावा लागे. ही बंधने राज्य शासनाने २०२१ मध्ये सैल केली. आता बचत गटांच्या बायका मोहफुलांचे लाडू, सरबत आणि जॅमही करतात. गोंदियातल्या ज्या घराला हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचा मुरंबा जमतो, त्याला एप्रिलमध्ये मोहाचा जॅमही जमेल. कृती जवळपास तीच, साखर कितीतरी कमी, फळासाठी हजार किलोमीटरचा प्रवास नाही, आणि फुले वेचणाऱ्या बाईला थेट पैसे देऊन ती घेता येतात.