डाळ 'वाढली'

निवृत्त माणसाने दोन गोष्टींना हात लावू नये. एक, सुनेचा संसार. दुसरी, बायकोचे फडताळ. पहिले पथ्य मी पाळतो. दुसरे गेल्या रविवारी मोडले.

आमचे फडताळ लहान. बारामतीच्या दोन खोल्यांत दुसरे काय असणार? तीन फळ्या आणि त्यांवर दाटीवाटीने तीस डबे. रोजचे हाताशी, जड ते खाली, जुने पुढे, नवे मागे आणि प्रत्येकावर चिठ्ठी, असा बेत मी सौभाग्यवतीला समजावून सांगितला. ती म्हणाली, "लावा चिठ्ठ्या. मग चहाला साखर कुठंय म्हणून मला विचारू नका म्हणजे झालं."

बिस्किटांच्या डब्यात मोहरी निघाली, आणि 'मीठ' लिहिलेल्या डब्यात साखर. (मुंग्यांना वाचता येते असा तिचा समज असावा.) आणि खालच्या फळीच्या अगदी कोपऱ्यात निघाला तो मोठा डबा. झाकण उघडले. तुरीच्या डाळीला जाळी धरलेली आणि आत किड्यांचे भरले गोकुळ!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा मी पिशव्या घेऊन धावलो आणि दोन माणसांच्या घरात दहा किलो डाळ आणली. पुढे चार-आठ दिवसांनी मागच्या आळीतली एक बाई दाराशी आली. घरोघरची धुणीभांडी बंद पडली होती. "गुरुजी, वाटीभर डाळ मिळंल का? काम सुरू झालं की आणून देते."

मी म्हणालो, "संपली हो."

"बरं," म्हणून ती गेली. सौ. आत होती. तिने ऐकले होते. ती काही बोलली नाही, आणि तेच वाईट.

'संपली' हा शब्द आमच्या आईने उभ्या जन्मात उच्चारला नाही. इंदापूर तालुक्यातले आमचे रान कालव्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिरायती. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला गेली; रेशनची तांबडी मिलो आणि कामावरची सुकडी यांवर आम्ही वाढलो. पण घरात पीठ संपत नसे, ते 'वाढत' असे. शिवाय डब्याच्या तळाशी ती एक मूठ राखून ठेवी. "दारात कुणी आलं तर?" म्हणायची.

मग साठवण चांगली की वाईट? पतंजलींनी अपरिग्रह सांगितला, तो बरोबरच. पण त्यांना जिरायती रान नसावे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे कोठार भुकेल्यांना मोकळे केले, अशी कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. कोठार होते म्हणून तर ते उघडता आले! उजनीचे धरण तरी काय? १९८० साली पुरे झालेले एक थोरले फडताळच. पावसाळ्यात भरायचे आणि उन्हाळ्यात सोडायचे. तेव्हा दोष भरण्यात नाही. आईची मूठ ही साठवणच होती आणि माझे दहा किलोही. फरक एवढाच की तिची मूठ येणाऱ्यासाठी होती आणि माझे दहा किलो येणाऱ्यापासून. दामाजीपंतांनी दुसऱ्याचे कोठार जिवावर उदार होऊन उघडले. मला स्वतःचा डबा उघडवला नाही.

त्या संध्याकाळी ताजी डाळ घेऊन मी मागच्या आळीत गेलो. बाई चकित झाली. हसून म्हणाली, "आता कशाला, गुरुजी? आता हाय की घरात." तरी तिने पिशवी ठेवून घेतली, आणि मला बसवून चहा पाजला. तिच्याकडे साखर पहिल्याच डब्यात सापडली.

घरी आलो तर सौ. रिकामा डबा घासून पुसत होती. म्हणाली, "यावर काय चिठ्ठी लावायची?"

मराठी मोठी चतुर भाषा आहे. पानात घालणे म्हणजे वाढणे, आणि संपणे म्हणजेही वाढणे. जे वाढले, तेच शोभेने वाढते. माझी डाळ कुणाच्या पानात वाढली नाही, म्हणून डब्यात किडे वाढले.

चिठ्ठी कोरीच ठेवली आहे. तळाशी एक मूठ डाळ मात्र आहे.