पाच तारखेची बैठक : ज्ञानाच्या खुलेपणाचा नैतिक प्रश्न

'खुले संशोधन' ही संज्ञा विद्यापीठीय व्यवहारात इतकी रुळली आहे की तिच्या पोटातील नैतिक प्रश्न नजरेआड होतो. निष्कर्ष विनामूल्य उपलब्ध झाले, परिषदा भरल्या, संस्थांमध्ये सहकार्याचे करार झाले, म्हणजे ज्ञान खुले झाले असे मानले जाते. रॉबर्ट मर्टन यांनी १९४२ साली विज्ञानाच्या मूल्यव्यवस्थेचे विवेचन करताना ज्ञान ही समूहाची सामाईक मालमत्ता असते, असे प्रतिपादन केले. परंतु या समूहात कोणाची गणना करावयाची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जालना जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. लीळाचरित्राची घडण पाहावी. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवल्या व नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या, असे परंपरा सांगते. पुढे पाठभेदही नावानिशी नोंदवले गेले. निर्मितीची ही प्रक्रिया अनेकस्वरी होती. पण पंथाचे ग्रंथ नंतर सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल करेपर्यंत मराठी वाङ्मयेतिहास या वैभवाला पारखा राहिला. गुप्ततेने ग्रंथ जपले, हेही नाकारता येत नाही. येथे खुलेपणाचे दोन अर्थ वेगळे होतात : एक प्रक्रियेचा, दुसरा प्रवेशाचा. एक असला म्हणून दुसरा असतोच असे नाही.

याच्या उलट रचना जालना शहरात दिसते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणे पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळते. मात्र ज्या जनक वाणांपासून ते तयार होते ते पैदासकाराच्या ताब्यात राहतात. पीक घेणाऱ्याने घरचे बी धरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून दर हंगामाला नवी पिशवी घ्यावी लागते. प्रवेश आहे, प्रक्रिया बंद आहे; संहिता हाती येते, लिपी येत नाही. अर्थात या व्यवस्थेला निव्वळ लोभ ठरवणे अन्याय्य होईल. वर्षानुवर्षांच्या पैदासकार्याचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो, आणि या परिसरातील अनेक शेतकऱ्यांना बीजोत्पादनाने उत्पन्नाचा मार्गही दिला. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने पैदासकार आणि शेतकरी या दोघांचेही हक्क मानले, ते या पेचाची जाणीव ठेवूनच.

सार्वजनिक कृषिसंशोधनाने मार्ग वेगळा धरला. १९५७ साली मक्यावरील अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि एकच वाण देशातील अनेक केंद्रांवर तपासून त्याची आकडेवारी वार्षिक कार्यशाळेत एकत्र मांडण्याची पद्धत रूढ झाली. राष्ट्रीय संशोधक-समाज म्हणजे काय, याचे हे ठोस रूप होय. एका केंद्राचा दावा दुसऱ्या केंद्राच्या मातीत खोटा ठरू शकतो, ही शक्यता येथे व्यवस्थेतच गृहीत धरलेली आहे. तरीही या समाजाचे सदस्यत्व मुख्यतः शास्त्रज्ञांपुरते होते. शेतकरी हा निष्कर्षाचा वाचक होता, सहलेखक नव्हता.

जालन्याजवळच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राची मासिक बैठक या ठिकाणी महत्त्वाची ठरते. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने चालवलेल्या या केंद्रात दोन दशकांहून अधिक काळ दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकरी व शास्त्रज्ञ चर्चेसाठी एकत्र येत आले आहेत. या उपक्रमाचे मर्म विषयांपेक्षा तारखेत आहे, असे मला वाटते. राष्ट्रीय परिषद एकदा भरते आणि पांगते. तेथे मांडलेला सिद्धांत चुकला तर जाब विचारायचा कोठे? ठरलेली तारीख मात्र परत येण्याचा हक्क देते. गेल्या महिन्यातील शिफारस आपल्या रानात का फसली, हे सांगायला शेतकरी पुन्हा येऊ शकतो. खुलेपणा म्हणजे केवळ ऐकू येणे नव्हे. उलट उत्तर देता येणे होय.

पण येथेच थांबणे आत्मसंतुष्टपणाचे होईल. याच केंद्राच्या मार्गदर्शनाखाली कडवंची गावात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कामे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. पुढे द्राक्षबागा व शेततळी वाढली आणि २०१२ च्या दुष्काळात हे गाव आदर्श म्हणून राज्यभर सांगितले गेले. महाराष्ट्रात शेततळ्यांचा असा प्रसार होत असताना काही अभ्यासकांनी एक गंभीर आक्षेप घेतला : प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली तळी अनेक ठिकाणी पावसाऐवजी भूजल उपसून भरली जातात आणि सर्वांचे पाणी एकाच्या तळ्यात साठते. ज्याच्याकडे जमीनच नाही, ज्या बाईच्या वाट्याला फक्त पाण्याची खेप आहे, तिला ५ तारखेचे निमंत्रण कोणत्या नात्याने पोहोचावे? दार उघडे असणे आणि आत जागा असणे यांत अंतर आहे. ज्यांना परिणाम भोगावे लागतात त्यांचा नकार जोपर्यंत पुरावा म्हणून नोंदला जात नाही, तोपर्यंत सर्वांत उदार बैठकही अर्धीच खुली असते.

हा निकष आपल्याही व्यवहाराला लावून पाहावा. आपल्या चर्चासत्रांत निबंध वाचले जातात, ग्रंथ निघतो; पुढच्या वर्षी त्याच विधानाचा हिशेब मागायला कोणी येत नाही. लोकसाहित्याच्या संकलनात ओवी छापली जाते आणि ती म्हणणारी बाई 'एक वृद्धा' एवढीच उरते. लीळाचरित्राच्या परंपरेने पाठ कोणाचा हे नावानिशी नोंदवले होते. आपण प्रवेश वाढवला आणि ती नोंद मात्र गमावली. राष्ट्रीय संशोधक-समाज उभारायचा तर भव्य परिषदांआधी एखादी लहानशी, न चुकणारी तारीख ठरवावी लागेल, आणि त्या दिवशी आपले चुकले असे सांगणाऱ्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवावी लागेल.