तहानेल्या शत्रूस पाणी



यार्देन उतरून आल्यावर यहोशवानें नदीच्या पात्रांतले बारा धोंडे गिलगाल येथें उभे केले, आणि पुढें मुलें विचारतील कीं हे धोंडे कशाचे, तेव्हां त्यांस काय सांगावें हेंही त्यानें लोकांस सांगून ठेविलें. आपल्याकडे कित्येक गांवांच्या वेशीबाहेर शेंदूर फांसलेला वीरगळ असतो; परंतु तो कोणाचा असें विचारिलें तर म्हातारीं माणसेंही मान हालवितात. धोंडा राहतो, साक्ष जाते. ह्या आठवड्यांत आम्ही एका दूरच्या धोंड्याची साक्ष आपणांपुढें मांडीत आहों.

ज्या देशांतून गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस आले, त्या अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतांत रॅपाहॅनॉक नदीच्या कांठीं फ्रेडरिक्सबर्ग नांवाचें शहर आहे. शहरामागें एक टेकडी आहे, व तिच्या पायथ्याशीं दगडी गडग्याच्या आडोशानें एक खोलगट वाट गेली आहे. आतां ह्या वाटेनें लोक पायीं फिरतात. जागोजागीं फलक वाचतात. एक लहानसें जुनें घर तेथें अजून उभें आहे, व त्याच्या आंतल्या भिंतींत गोळ्यांचीं भोंकें दिसतात. ह्याच वाटेवर १९६५ सालीं एक स्मारक बसविण्यांत आलें. शिल्पकार फेलिक्स द वेल्डन ह्यानें त्यांत एक शिपाई दाखविला आहे. तो वाकून एका जखमी मनुष्यास पाणी पाजीत आहे. पाजणारा दक्षिणेच्या सैन्यांतला, पिणारा उत्तरेच्या.

सन १८६२, डिसेंबरची १३ तारीख. दासप्रथा टिकावी म्हणून दक्षिणेकडील संस्थानें संयुक्त राज्यांतून फुटून निघालीं होतीं, व एका भाषेचे, एकच पवित्र शास्त्र वाचणारे लोक एकमेकांवर उठले होते. उत्तरेचा सेनापति बर्नसाइड ह्यानें उघड्या मैदानांतून ह्या गडग्यावर एकामागून एक पलटणी पाठविल्या. गडग्याआड दक्षिणेचे बंदुकवाले दाटीनें उभे होते. सायंकाळपर्यंत एकही पलटण गडग्यापर्यंत पोहोंचली नाहीं. सबंध लढाईंत उत्तरेचे मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून सुमारें १२,६०० आणि दक्षिणेचे सुमारें ५,३०० मोजले गेले. थंडीची ती रात्र मैदानांतल्या जखमींनीं पाणी पाणी करीत काढिली. दुसरा दिवस रविवार होता.

त्या रविवारीं रिचर्ड कर्कलंड नांवाचा एकोणीस वर्षांचा सार्जंट आपला वरिष्ठ जनरल कर्शॉ ह्याजकडे गेला व म्हणाला कीं, हा आक्रोश मला ऐकवत नाहीं, पाणी नेण्याची परवानगी असावी. डोकें वर काढतांच गोळी लागेल असें कर्शॉनें बजाविलें. मग पांढरा रुमाल दाखवूं काय, असें पोरानें विचारिलें. तेंही नाकारण्यांत आलें. तरी तो गडगा ओलांडून गेला, आणि एका शत्रूपासून दुसऱ्याकडे असा पाणी देत फिरला. काय चाललें आहे हें ध्यानांत येतांच पलीकडच्यांनीं गोळ्या सोडल्या नाहींत. पुढल्याच वर्षीं, २० सप्टेंबर १८६३ रोजीं, चिकमॉगाच्या लढाईंत हा तरुण मारला गेला.

उपदेशकबंधूंनो, ही गोष्ट मंडळींत सांगाल तर एक सांगावयास विसरूं नका. ती मुख्यतः कर्शॉनें १८८० सालीं लिहिलेल्या पत्रावर उभी आहे, आणि कांहीं इतिहासकार तिच्याविषयीं शंका घेतात. खरेपणा झांकून केलेल्या उपदेशाची प्रभूला गरज नाहीं.

आतां आमच्या मंडळ्यांस पाण्याची गोष्ट सांगणें सोपें नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजीनें रिकामी घागर घेऊन विहिरीपासून दूर उभें राहून वरून कोणी ओंजळभर ओतील काय म्हणून वाट पाहिली आहे. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी हातांत घेण्यासाठीं १९२७ सालीं हजारों लोकांस चालून जावें लागलें. म्हणून शत्रु तान्हेला असल्यास त्यास प्यावयास द्यावें ही पौलानें रोमकरांस केलेली आज्ञा वाचली जाते, तेव्हां मागें बसलेला एखादा भाऊ मनांत म्हणतो, ‘आमच्या तहानेचें काय?’ त्या भावास आम्ही गप्प करणार नाहीं. दाविदासाठीं तिघे वीर शत्रूची फळी फोडून बेथलेहेमच्या विहिरीचें पाणी घेऊन आले, तेव्हां त्यास तें पिववलें नाहीं. तें त्यांच्या जिवाचें मोल आहे असें त्यानें म्हटलें. तहान काय असते हें ज्यास ठाऊक आहे, त्याच्या हातचें पाणी परमेश्वरापुढें हलकें कसें असेल?

पण शिल्पांत न दिसणारी एक गोष्ट आहे. पाणी पाजून झाल्यावर तो तरुण गडग्याआड परतला व त्यानें पुन्हा बंदूक धरिली. ती बंदूक दासांच्या बेड्या राखण्याच्या कामीं होती. त्याच शहरांत जॉन वॉशिंग्टन नांवाचा एक दास होता. १८ एप्रिल १८६२ रोजीं, शुभ शुक्रवारीं, उत्तरेचें सैन्य नदीच्या पलीकडल्या तीरावर येऊन ठेपलें. तो शिपायांच्या होडींतून रॅपाहॅनॉक उतरला व स्वतंत्र झाला. पुढें १८७३ सालीं त्यानें आपली हकीकत स्वतःच्या हातानें लिहिली. त्याच्यामागून त्या उन्हाळ्यांत हजारों दास तीच नदी उतरले. यशयानें उपासाविषयीं सांगतांना जोखड मोडण्याची गोष्ट आधीं काढली, व भाकरीची मागून. घोटभर पाणी देऊन जोखड तसेंच ठेवणारा धनी आपण पाहिला आहे. तरी ज्याच्या ओठांस त्या रविवारीं पाणी लागलें, त्याला तें पाणी खोटें वाटलें नसेल. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनें दुसरी पुसतां येत नाहीं.

टेकडीवर उत्तरेच्या शिपायांचें दफनस्थान आहे. तेथें १५,००० हून अधिक शिपाई पुरले असून बहुतेकांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. गवतांत लहान लहान चौकोनी दगड आहेत. त्यांवर दोन अंक कोरलेले आहेत: वरचा त्या जागेचा, आणि खालचा तेथें किती जण पुरले त्याचा.