एक वाक्य खाली सरकवलं, त्याची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या वेबसाइटवरच्या एका लेखातलं पहिलं वाक्य उचलून शेवटी टाकलं. खोडलं नाही, त्यातला एक शब्दही बदलला नाही. त्या महिन्यापासून माझी कमाई जवळजवळ दुप्पट झाली, आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मी खोटं बोलले का?

आधी वेबसाइटबद्दल सांगते. मी २०१५ साली पीएचडीसाठी मिशिगनला आले, तेव्हा इथे जिकडेतिकडे फ्लिंट शहराच्या पाण्याची चर्चा होती. २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराने पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी घेतलं. त्या पाण्याने पाइप झिजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करायला हवी, ती मात्र केली नाही. जुन्या पाइपांतलं शिसं लोकांच्या पेल्यात उतरलं. माझा विषय पाण्याचं रसायनशास्त्र, त्यामुळे ओळखीची मराठी मंडळी विचारू लागली. आमच्या नळाचं पाणी चांगलं आहे ना? उकळून प्यायलं तर चालेल ना? उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही. पाण्याची वाफ होते, शिसं पातेल्यातच राहतं. हे किती जणांना फोनवर सांगणार? म्हणून लिहून ठेवायला लागले, आधी मराठीत, मग इंग्रजीतही.

कित्येक वर्षं ती वेबसाइट फुकट होती. जाहिरात नाही, कमिशन नाही. विद्यार्थी व्हिसावर आणि नंतर एच-वन-बीवर असताना स्वतःचा व्यवसाय करून कमवायची मुभा नसते. पण कोणी विचारलं, "एवढी मेहनत करतेस, पैसे का नाही घेत?" तर मी व्हिसाचं नाव काढत नसे. ज्ञान काय विकायची गोष्ट आहे, अशा थाटात हसत असे. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या अर्जावर आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं, आणि तीन महिन्यांत माझ्या लेखांमध्ये फिल्टर विकणाऱ्या दुकानांच्या लिंका आल्या. उपास करणाऱ्याचं आणि जेवायला न मिळालेल्याचं पोट सारखंच रिकामं असतं, म्हणून दोघांच्या पदरी सारखंच पुण्य पडत नाही. माझा उपास नव्हताच, हे तेव्हा कळलं.

पैशांची गरज मात्र खरी होती. पोस्टडॉकची नोकरी येत्या ऑगस्टमध्ये संपते आहे, प्रयोगशाळेचं अनुदानही संपतं आहे. प्राध्यापकीसाठी केलेल्या अर्जांना बहुतेक ठिकाणांहून उत्तरसुद्धा आलं नाही. तेव्हा वाटलं, वेबसाइट हाच व्यवसाय करावा. मालक नाही, विभागप्रमुख नाही, कोणाची मर्जी सांभाळायला नको. स्वतःच्या धंद्यावर १५.३ टक्के वेगळा कर भरावा लागतो, त्यातला अर्धा नोकरीत मालक भरतो, वगैरे गणितंही मांडून झाली. मालक नसतो हे त्यातलं सगळ्यात मोठं आकर्षण होतं.

लिंकांचा हिशेब सोपा आहे. अमेझॉनने १९९६ मध्ये आपल्यापुरती ही पद्धत सुरू केली आणि आज असंख्य वेबसाइट तिच्यावर चालतात. वाचकाने माझ्या लिंकवरून फिल्टर घेतला, तर दुकान मला किमतीतला थोडा हिस्सा देतं. वाचकाला एक सेंटही जास्त पडत नाही. असे पैसे मिळतात हे वाचकाला स्पष्ट सांगा, असं इथली फेडरल ट्रेड कमिशन ही सरकारी संस्था बजावते. मी ते ठळक अक्षरांत सांगितलं होतं.

आता ते वाक्य. लेख होता 'कोणता फिल्टर घ्यावा' यावर. सुरुवात अशी होती: आधी तुमच्या गावाच्या पाण्याचा वार्षिक अहवाल वाचा, आणि घर १९८६ च्या आधीचं असेल तर नळाचं पाणी तपासून घ्या, कदाचित तुम्हाला फिल्टर लागणारच नाही. १९८६ अशासाठी, की त्या वर्षी अमेरिकेत नळाच्या पाण्यासाठी शिशाचे पाइप नव्याने घालायला बंदी झाली. आणि तो अहवाल पाणीपुरवठा करणाऱ्यांना दर वर्षी द्यावाच लागतो, फुकट मिळतो. वाचक तो वाचायला जात आणि बरेचसे परत येत नसत. त्यांचं काम झालेलं असे. माझं होत नसे. म्हणून मी फिल्टरांचा तक्ता वर आणला आणि ते वाक्य शेवटी नेलं.

स्वतःची बाजू मांडायला माझ्याकडे मुद्दे होते. लेखात एकही असत्य नव्हतं. कमिशनचा खुलासा होता. शिवाय फिल्टरने कोणाचं वाईट होतं?

मग टेक्सासहून एका मराठी बाईंचा मेल आला. त्यांनी माझा लेख वाचून सिंकखाली बसवायचा महागडा आरओ घेतला होता. इमारत २०१९ ची. मी कुतूहलाने त्यांच्या गावाचा अहवाल उघडला, तर काळजी करावी असं त्यात काही नव्हतं. पुण्यात घरोघरी आरओ असतो, त्या सवयीनेही त्यांनी तो घेतला असेल. तो एक पेला शुद्ध पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो, हेही लेखात होतं, तक्त्याच्या खाली. बाईंनी मनापासून आभार मानले होते. तक्रार केली असती तर मी वर सांगितलेले तिन्ही मुद्दे त्यांना ऐकवले असते. आभारांना काय उत्तर देणार?

मला कमिशन मिळतं एवढं खुलाशातून कळतं. त्या कमिशनमुळे कोणतं वाक्य कुठे गेलं, ते कळत नाही. वाचक माझ्या डॉक्टरेटवर विश्वास ठेवून येतो, म्हणजे आधी काय महत्त्वाचं आणि नंतर काय, हे ठरवायचं काम तो माझ्यावर सोपवतो. मी नेमकं तेच दुकानाला विकलं होतं.

लिंका काढून वर्गणी घ्यावी, असंही सुचलं. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकारने पीएफएएस या रसायनांपैकी दोन मुख्य रसायनांसाठी एक लाख कोटी भागांत ४ भाग अशी मर्यादा घातली, तेव्हा त्यावरचा माझा लेख सर्वांत जास्त वाचला गेला होता. 'तुमचं पाणी ठीक आहे' या लेखाकडे कोणी फिरकत नाही. वर्गणीवर जगायचं तर दर महिन्याला नवी भीती शोधावी लागेल. मालक तिथेही आहेच, फक्त तो दिसत नाही.

अशा वेळी मला र. धों. कर्वे आठवतात. विल्सन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, आर्थिक ओढाताण कायमची, पण वर्गणीदाराला आवडेल म्हणून वाक्य हलवलं नाही. हे आपण कौतुकाने सांगतो. सांगताना मालतीबाईंचं नाव मागे राहतं. त्या कमावत होत्या म्हणून घर चालत होतं. कर्व्यांच्या स्वातंत्र्याची किंमत दोघांनी भरली.

आमच्या घरी आरोग्यविमा नवऱ्याच्या नोकरीतून येतो. 'मालक नको' असं मी म्हणत होते, ते त्याच्या मालकाच्या भरवशावर. हे उघड बोलायला मला बराच वेळ लागला. मार्चमध्ये एका रात्री जेवताना त्याला सांगितलं, की ते वाक्य परत वर नेते आहे.

"किती कमी होतील?"

"अर्धे तरी."

"बरं. मग ऑगस्टचं बजेट अर्ध्यावर बसवू," तो म्हणाला आणि वरण वाढून घेतलं.

वाक्य वर गेलं, पैसे खरंच कमी झाले. सप्टेंबरपासून एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा रसायनशास्त्राचा वर्ग घेणार आहे. फिल्टरच्या लिंका काढून टाकल्या, आणि एक नवी गोष्ट सुरू केली. तुमच्या गावाचा अहवाल आणि नळाच्या तपासणीचे आकडे पाठवा, मी वाचून काय ते सांगते. फी ठरलेली. फिल्टर घ्या म्हटलं तरी तेवढीच, घेऊ नका म्हटलं तरी तेवढीच. डॉक्टर तपासून 'काही झालेलं नाही' म्हणतात, तेव्हाही आपण फी देतोच की.

पहिल्याच बाईंना मी कळवलं, तुमचं पाणी चांगलं आहे, काहीही घेऊ नका. त्यांचा फोन आला. आवाजात जरा हिरमोड होता.

"म्हणजे काहीच घ्यायचं नाही? मग पैसे कशाचे?"

मी समजावून सांगितलं. पटलं की नाही, कोण जाणे. फी मात्र त्यांनी दिली.