बोली लावून गप्प बसणारा

ऑनलाइन लिलावाची मुदत संपते, सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याचे नाव पडद्यावर येते आणि तिथून पुढे तो माणूस बोलतच नाही. पैसे येत नाहीत, पत्ता कळवला जात नाही, निरोपाला उत्तर नाही. जुनी नाणी, कॅमेरे, घड्याळे विकणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. ईबेच्या नियमांत त्यावर उपायही आहे: चार दिवसांत पैसे आले नाहीत की विक्रेत्याला सौदा रद्द करता येतो. पण सौदा मिटला म्हणून नीतीचा प्रश्न मिटत नाही. वस्तू विक्रेत्याच्या कपाटात आहे, शब्दाने ती दुसऱ्याची झाली आहे, आणि तो दुसरा गप्प आहे. माझे म्हणणे असे की इथे दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. वस्तू मोकळी करून घेणे हा एक आणि माणसाचा निवाडा करणे हा दुसरा. पहिला वेळच्या वेळी उरकावा. दुसऱ्याची घाई करू नये.

मुळात बोली हे वचन आहे का, अशी शंका काढली जाते. बोट दाबले, मोह झाला, झाले. त्याला शपथेचा मान कशाला द्यायचा? भारताच्या 1930 च्या माल विक्री कायद्याचे 64 वे कलम याचे उत्तर देते. लिलाव पुकारणाऱ्याचा हातोडा पडेपर्यंत बोली मागे घ्यायची मोकळीक आहे. तो पडला की विक्री पुरी झाली. म्हणजे चंचलपणाला जागा आहे, पण तिला शेवटही आहे. ऑनलाइन लिलावात घड्याळाचा काटा तेच काम करतो. शिवाय बोली ही दोघांतली गोष्ट नसते. तिच्यामुळे तिसरा माणूस माघार घेतो, दुसरीकडे खरेदी करतो किंवा हळहळत घरी बसतो. त्याने आपली पावले या बोलीवर विसंबून टाकलेली असतात, आणि इतरांना विसंबायला लावणे हेच तर वचनाचे लक्षण. तेव्हा गप्प बसणाऱ्याचे चुकले, यात मला संशय नाही.

पण चुकले म्हणजे विक्रेत्याला काय करता येते? आपल्या स्मृतिकारांनी हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे. याज्ञवल्क्य सांगतो की पहिला खरेदीदार माल उचलत नसेल तर विकलेला मालही पुन्हा विकता येतो, आणि खरेदीदाराच्या दोषाने झालेली हानी खरेदीदाराचीच. नारदस्मृतीही असा माल दुसऱ्याला विकणाऱ्याला अपराधी धरत नाही. यात लक्षात घ्यायचे ते हे की पुनर्विक्रीचा हक्क खरेदीदाराच्या मनातल्या हेतूवर टांगलेला नाही. तो लबाड होता की आजारी होता, हे ठरेपर्यंत माल अडकवून ठेवायची गरज नाही. त्याने माल घेतला नाही, एवढे पुरे. आजच्या कायद्याने यात एक मोलाची भर घातली आहे. 54 व्या कलमानुसार, नाशवंत माल सोडला तर, पैसे न मिळालेल्या विक्रेत्याने पुन्हा विकण्याचा इरादा आधी कळवायचा आणि वाजवी मुदत द्यायची. तसे न करता विकले तर तुटीची भरपाई मागता येत नाही; उलट नफा झाला तर त्यावर मूळ खरेदीदाराचा हक्क. समोरचा गप्प आहे म्हणून आपणही गप्प राहून माल फिरवावा, ही सूट कायदा देत नाही. एक स्पष्ट निरोप आणि एक तारीख, एवढे विक्रेत्याचे देणे उरतेच.

आता माणसाचा निवाडा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घेतलेला माल न स्वीकारणाऱ्याला बारा पणांचा दंड आहे. पण त्याला अपवाद आहेत: मालातच दोष असणे, राजा, चोर, आग, पाणी यांचे संकट ओढवणे, आणि अडचणीत सापडलेल्याने केलेला न झेपणारा सौदा. हा शेवटचा अपवाद मला विशेष वाटतो. हुरूप चढून ऐपतीबाहेर बोली लावणारा आणि नंतर तोंड लपवणारा माणूस याच्या बराच जवळचा आहे. अर्थात त्याच प्रकरणात पश्चात्तापाची मुदत व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच अशी वाटली आहे आणि पुढे वर्णाचाही हिशोब आहे. तो आज कोणी उचलू नये. घ्यायचे ते एवढेच की दंडाआधी कारण विचारावे लागते. मौनाला कारण विचारता येत नाही. मग विक्रेता ते कारण स्वतःच भरतो, आणि तो भरतो ते बहुधा सर्वांत वाईट.

यावर सबळ आक्षेप असा की निवाडा टाळला तर पुढचे विक्रेते फसतील. परक्यांच्या बाजारात नोंद हीच ओळख. ईबेने 1996 मध्ये परस्पर अभिप्रायाची सोय केली ती यासाठीच. आक्षेप रास्त आहे, पण नोंद आणि निवाडा यांत फरक करायला हवा. 'पैसे दिले नाहीत' ही नोंद. 'भामटा आहे' हा निवाडा. पहिली सावध करते, दुसरा नुसता राग मोकळा करतो. अभिप्रायाचा वापर सूड म्हणून होऊ लागल्यावर 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांचा ग्राहकांना वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. पैसे न भरल्याची नोंद मात्र राहिली. धंद्याच्या गणिताने का होईना, कंपनीने हाच भेद मान्य केला.

दुसरा आक्षेप भाविकाचा: सगळेच सोडून द्यावे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा इथे हमखास आठवते. पण त्या कथेतला एक तपशील लोक विसरतात. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते बुडवली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली. दुसऱ्याचे नुकसान माफ करायचा अधिकार संतालाही नसतो. विक्रेत्याने आपला मनस्ताप आणि वाया गेलेले दिवस खुशाल सोडून द्यावेत. लिलावात मात्र नुकसान झालेला आणखी एकजण असतो, दुसऱ्या क्रमांकाचा बोलीदार, आणि त्याच्याबाबतीत विक्रेत्याची खरी परीक्षा असते.

समजा एकाने कमाल 3000 रुपयांपर्यंत जायचे ठरवले, दुसऱ्याने 2900, तिसऱ्याने 1500. बोलीची पायरी 50 रुपयांची. लिलाव 2950 वर थांबतो. पहिला गायब होतो. ईबेवर अशा वेळी दुसऱ्याला 'आणखी एक संधी' देता येते, आणि भाव लागतो त्याने लावलेल्या सर्वांत मोठ्या बोलीचा, 2900 चा. पण पहिला नसताच तर दुसऱ्याला हीच वस्तू 1550 ला मिळाली असती. मधले 1350 रुपये ज्याने दिलेच नाहीत अशा माणसाच्या शब्दातून उभे राहिले. दुसऱ्याने तेवढे द्यायची तयारी दाखवली होती, मग यात गैर काय, असे विचारता येईल. गैर हे की ती तयारी खऱ्या स्पर्धेसाठी होती. ज्या शब्दाला खोटा म्हणून आपण दोष देतो त्याच शब्दाचा फायदा खिशात घालणे म्हणजे त्या खोटेपणात भागीदारी. म्हणून दुसऱ्याकडे जायचे असेल तर पहिला मागे हटला हे त्याला सांगावे आणि 1550 च भाव म्हणावा. ते जमत नसेल तर वस्तू नव्याने लिलावाला लावावी. 2900 मागणे नियमात बसते. सचोटीत बसत नाही.